डोळे दिपल्यानंतर काय पाहायचं? डिजिटल कलाकृती विकत घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्यासमोर दोन डिजिटल कलाकृती आहेत. पहिली भिंतभर एलईडी पडद्यासाठी केलेली. एआयने घडवलेल्या रंगांच्या लाटा, तीन मिनिटांची फाइल, पाच प्रतींपैकी एक. दुसरी म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम, पांढऱ्यावर सावकाश सरकणाऱ्या काळ्या रेषा. पहिलीसमोर तुम्ही खिळून उभे राहिलात आणि दुसरीसमोर पाच मिनिटांत कंटाळलात. आता जाणकार मंडळी सांगतायत की पहिली म्हणजे निव्वळ भपका, खरी खोली दुसरीत आहे. त्यांचं ऐकावं की स्वतःच्या डोळ्यांचं, आणि संग्रहाची सुरुवात कशाने करावी?

आधी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या लिहिण्यात थोडी अपराधी भावना जाणवली. भव्य कामात जीव गुंतला म्हणून तुमची नजर कच्ची ठरत नाही. मोठा आकार, प्रखर प्रकाश, अंगावर येणारा आवाज ही कलाकाराच्या हातातली साधनं आहेत, जशी शाई आणि कागद. उलट, कृष्णधवल आणि संथ काम आपोआप खोल असतं असंही नाही. संथपणाचाही भपका करता येतो आणि तो मी पुष्कळ पाहिला आहे. डिजिटल कलाकृती बसवणं, बिघडल्या की दुरुस्त करणं आणि त्या घेणाऱ्यांना सल्ला देणं, हे काम मी अठरा वर्षं करते आहे. आकारावरून मत बनवणं मी केव्हाच सोडलं. मी बघते ते हे, की काम वेळेचं काय करतं.

हे मला एका दुरुस्तीतून उमगलं. एका संग्राहकांच्या घरी मी अशीच एक रेषांची कलाकृती बसवली होती. पांढऱ्या पडद्यावर चाळीसएक उभ्या रेषा. एखादी रेष हळूहळू कलायची, शेजारच्या रेषेला टेकायच्या जरा आधी थांबायची आणि मग माघारी वळायची. त्या थांबण्यात सगळा जीव होता. आता टेकणार, आता टेकणार असं वाटत असताना ती परत फिरायची आणि बघणाऱ्याचा रोखलेला श्वास सुटायचा. काही वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी मी तिथे गेले. कलाकृती चालू होती, रेषाही त्याच होत्या, पण खोलीत शिरताच काहीतरी चुकतंय असं वाटलं. दहा मिनिटं तिथेच उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की रेषा घाईत आहेत. टेकण्याआधीचं थांबणं जाणवतच नव्हतं. नुसती लगबग चालली होती.

कारण साधं होतं. जुना पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा. तो खराब झाल्यावर घरी नवा आला, तो सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा. प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं की पडद्यावरचं चित्र बदललं की दर वेळी रेष अमुक इतकी सरकव. त्यामुळे कलाकृती दुप्पट वेगाने धावत होती, आणि अशी ती आठ महिने धावत राहिली. कलाकाराला फोन केला, परवानगी घेतली आणि सरकण्याचं गणित पडद्याऐवजी घड्याळाला बांधलं. बदल चार ओळींचा. पुन्हा सुरू केल्यावर ते संग्राहक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अहो, ही तर अशी होती. मला वाटायला लागलं होतं की माझंच तिच्यावरून मन उडालं."

तेव्हापासून कोणत्याही हलत्या कामासमोर मी मनात तोच प्रयोग करते. याचा वेग दुप्पट केला तर काय बिघडेल? निम्मा केला तर? मधली दोन मिनिटं कापली तर? काहीच बिघडणार नसेल, रंग तसेच सुंदर वाहत राहणार असतील, तर कलाकाराने वेळेबद्दल काही ठरवलेलंच नाही. वेळ तिथे नुसता भरलेला आहे. आणि काही बिघडणार असेल, तर नेमकं काय बिघडेल ते शोधताना तुम्ही त्या कामाच्या आत शिरायला लागता.

या अंगाने पाहिलं की आकाराने अगदी लहान कामंही वेगळी दिसतात. १९९६ मध्ये ओलिया लियालिना यांनी 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' हे काम वेब पानांमधून रचलं. युद्धावरून परतलेला तरुण आणि त्याची मैत्रीण, दोघांचं धड जुळत नसलेलं बोलणं. एका वाक्यावर क्लिक केलं की पानाची चौकट दुभंगते, मग तिच्याही चौकटी होतात, आणि शेवटी काळे रिकामे चौकोन उरतात. काही काळीपांढरी चित्रं आणि थोडे शब्द, एवढंच साहित्य. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात प्रत्येक चित्र उमटायला वेळ लागायचा. प्रश्न विचारला गेलाय आणि उत्तर अजून पोचलेलं नाही, अशा अवस्थेत बघणारा ताटकळायचा. आजच्या वेगात सगळं क्षणात समोर येतं आणि दोघांमधली ती अवघड शांतता निघून जाते. र‍्हायझोमसारख्या, डिजिटल कला जपणाऱ्या संस्था अशी कामं जुन्या ब्राउझरची हुबेहूब नक्कल उभी करून त्यात दाखवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. जुन्याचा सोस म्हणून कुणी एवढी खटपट करत नाही.

व्हेरा मोल्नार यांचं उदाहरण मी नव्या संग्राहकांना नेहमी देते. जन्म १९२४, बुडापेस्ट. आयुष्य पॅरिसमध्ये गेलं. संगणक हाताशी नव्हता तेव्हाही, १९५९ पासून, त्या स्वतःला नियम घालून घ्यायच्या आणि यंत्राने पाळावेत तसे ते पाळून हाताने चित्रं काढायच्या. १९६८ मध्ये त्यांना खरा संगणक वापरायला मिळाला. १९७४ च्या सुमाराची त्यांची प्लॉटरवर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन फिरवणाऱ्या यंत्रावर, काढलेली चित्रं जवळून पाहा. एकात एक बसवलेले चौकोन, त्यांच्या रांगांवर रांगा. लांबून सगळं शिस्तीत दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की कुठे एक कोपरा किंचित सरकलाय, कुठे मधला एक चौकोन गायबच आहे. पुढे त्यांनी एक टक्का अव्यवस्था ही कल्पना हाताळली. एकच टक्का! अर्धा टक्का असता तर ती छापण्यातली चूक वाटली असती, दहा टक्के असती तर नुसता गोंधळ. हा आकडा यंत्र सुचवत नाही. तो बघून बघून, खोडून खोडून ठरतो. खोली म्हणतात ती मला तिथे दिसते, ठरवण्यात. २०२३ च्या जुलैमध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांच्या ५०० प्रोग्रामनिर्मित चित्रांचा संच सदबीज या लिलावसंस्थेने विकला. तो तासाभरात संपला आणि बातम्या झाल्या त्या या झटपट विक्रीच्या. त्या तासामागे १९६८ पासूनची ५५ वर्षं उभी होती. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

आता भव्यतेकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

राफाएल लोझानो-हेमर यांचं 'पल्स रूम' हे २००६ चं काम. अंधाऱ्या दालनात छताला शेकडो जुन्या पद्धतीचे, आत तार तापणारे दिवे टांगलेले असतात. टोकाला एक यंत्र. त्याच्या दोन मुठी धरल्या की ते तुमची नाडी ओळखतं आणि जवळचा दिवा तुमच्या ठोक्यासोबत उघडझाप करू लागतो. दालनभर लोकांचे ठोके लुकलुकत असतात. देखावा म्हणाल तर यापेक्षा मोठा देखावा कोणता? पण तुम्ही मुठी सोडता तेव्हा सगळे दिवे क्षणभर विझतात. मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या दिव्यात जातो, आधीचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, आणि सर्वांत जुना ठोका रांगेतून बाहेर पडतो. कायमचा. तुमच्यानंतर कुणी मुठी धरत राहिलं तर तुमचाही पडणार. हे उमजलं की त्याच दिव्यांकडे आधीसारखं बघता येत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा ठोका कुठवर गेला ते मोजत भिंतीला टेकून बसले होते, आणि नवीन माणूस मुठींकडे निघाला की मला नको वाटायचं. इथे आकार हवाच होता. पाच दिव्यांवर हे काम उभं राहिलं नसतं.

याच्या शेजारी रेफिक अनाडोल यांचं 'अनसुपरवाइज्ड' ठेवून पाहा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या तळमजल्यावर नोव्हेंबर २०२२ पासून जवळपास वर्षभर ते चालू होतं. २४ फूट उंच आणि तितकाच रुंद पडदा. संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहातल्या १,३८,००० हून अधिक कलाकृतींच्या माहितीवर शिकवलेलं एआय मॉडेल, त्यातून सतत आकार घेणारे रंग, आणि दालनातली हालचाल, आवाज, बाहेरचं हवामान यांचेही धागे त्यात सोडलेले. लोक तासन्‌तास बसायचे. लोकांना एका पडद्यासमोर बसवून ठेवणं ही सोपी गोष्ट नाही, तिला मी कमी लेखत नाही. यंत्रणा म्हणून ते काम अवघड आहे आणि कसबाने केलेलं आहे. माझी अडचण वेगळी आहे. बाहेर पाऊस आला म्हणून पडद्यावर काय झालं, ते बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एवढ्या कलाकृतींमधून हा आत्ताचा निळा कुठून आला, तेही कळत नाही. सगळं सांगितलेलं शेजारच्या पाटीवर आहे, पडद्यावर त्याचा माग लागत नाही. 'पल्स रूम'मध्ये पाटी वाचली नाही तरी दोन माणसं मुठी धरून गेली की आपलं आपल्याला समजतं. पाटी काढून घेतल्यावर काम किती उरतं, हा माझा दुसरा प्रयोग समजा. 'अनसुपरवाइज्ड'च्या बाबतीत माझं उत्तर आहे: डोळ्यांचं सुख उरतं, आणि ते खरं आहे, पण तिसऱ्या भेटीत मला पहिल्या भेटीपेक्षा जास्त काही मिळत नाही. माझ्या काही सहकाऱ्यांचं मत याच्या उलट आहे. त्यांचं मत काम पुन्हा पुन्हा पाहून बनलेलं आहे, त्यामुळे मी त्याचा आदर करते.

किमतीचाही एक देखावा असतो आणि नव्या संग्राहकाचे डोळे बहुधा त्यानेच आधी दिपतात. डिजिटल चित्रकार बीपल यांचं 'एव्हरीडेज: द फर्स्ट ५००० डेज' ११ मार्च २०२१ रोजी क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं. बोली १०० डॉलरपासून सुरू झाली होती. १ मे २००७ पासून रोज एक चित्र, एकही दिवस न चुकवता, अशी ५००० चित्रं एका चौरसात जोडलेली. चौरसाची बाजू २१,०६९ पिक्सेल. हिशेब करून पाहा: एका बाजूला सत्तरएक चित्रं, म्हणजे एकेका चित्राच्या वाट्याला तीनशेच्या आसपास पिक्सेल. बोटाच्या पेराएवढं. तेरा वर्षं रोज बसून काम करण्यामागची जिद्द मला मनापासून मोठी वाटते. पण विकलेल्या चौरसात ती जिद्द संख्या होऊन आली. एकेक दिवस पाहायचा म्हटलं तरी दिसत नाही. विक्रीनंतर समीक्षक सगळी चित्रं मोठी करून बघत बसले, तेव्हा सुरुवातीच्या चित्रांमधली काही बटबटीत आणि माणसांना हिणवणारी निघाली. हे आधी पाहायला हवं होतं. माझ्याकडे कुणी एखाद्या कामाची किंमत, विक्रम, आधीचे मालक असं सांगत आलं की मी विचारते, तुम्ही ते सलग किती वेळ पाहिलंय? बऱ्याचदा उत्तर येतं, फोनवर पाहिलंय.

आता संग्रहाचं. तुम्ही नेमकं काय विकत घेताय हे अजून तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. डिजिटल कलाकृती घेणं म्हणजे ती चालू ठेवण्याची जबाबदारी घेणं. कॅनव्हास बरा जपला तर दहा वर्षं दुर्लक्ष सोसतो, प्रोग्राम सोसत नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश या वेबवर ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला आणि वीस वर्षांत त्यात झालेली असंख्य कामं नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९८५ मध्ये अमिगा संगणकावर काढलेली चित्रं फ्लॉपींमध्ये अडकून पडली होती. ती २०१४ मध्ये बाहेर आली, कारण कॅर्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक क्लबच्या मुलांनी जुना फाइल प्रकार उलगडून काढला. एवढ्या मोठ्या नावाची ही गत.

म्हणून व्यवहाराआधी लेखी मागा. नुसती चालणारी प्रत नको, मूळ फाइल किंवा मूळ कोड हवा. व्हिडिओ असेल तर फाइल लहान करण्यासाठी कमीत कमी दाबलेली मूळ प्रत. कोणत्या आकाराच्या पडद्यावर चालेल, किती लहान केलेलं कलाकाराला चालणार नाही, आवाज बंद ठेवता येईल का, हेही. टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरची (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामायिक वहीतली) मालकीची नोंद, मिळणार असेल तर ते टोकन कशाकडे बोट दाखवतं ते विचारा, कारण बहुतेक वेळा चित्र टोकनमध्ये नसतं. ते कुठल्यातरी सर्व्हरवर असतं आणि सर्व्हर बंद झाला की हातात फक्त पावती उरते. २०१९ च्या 'ऑटोग्लिफ्स'सारखी काही कामं याला अपवाद आहेत. तिथे चित्र काढणारा कोडच ब्लॉकचेनवर आहे. आयपीएफएसवर, म्हणजे अनेकांच्या यंत्रांवर मिळून फाइल ठेवण्याच्या व्यवस्थेत, ठेवलंय असं सांगितलं तर पुढचा प्रश्न: ती फाइल कोण सांभाळतंय? कुणीतरी ती आपल्या यंत्रावर धरून ठेवेपर्यंतच ती तिथे असते. हे काम उद्यापासून तुम्हीही करू शकता आणि करावं असं मला वाटतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कलाकाराशी तासभर बोला आणि बोलणं नोंदवून ठेवा. काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर हे काम उरणार नाही? 'पल्स रूम'चंच घ्या. तार तापणारे दिवे बऱ्याच देशांत बाजारातून जात चाललेत. एलईडी लावावेत का? तारेचा दिवा विझताना क्षणभर मावळतो, एलईडी तोडल्यासारखा बंद होतो. हृदयाच्या ठोक्याला यातलं कोणतं विझणं शोभतं, हे तंत्रज्ञाने ठरवायचं नाही. गुगेनहाइम संग्रहालयाच्या पुढाकाराने जपणुकीच्या चार वाटा मांडल्या गेल्या: आहे ते तसंच साठवणं, जुन्या यंत्राची नक्कल चालवणं, नव्या तंत्रावर नेणं, आणि काम नव्याने मांडणं. तुमच्या कलाकृतीला यातली कोणती वाट मानवेल, ते कलाकार हयात आहे आणि फोन उचलतो आहे तोवर विचारून घ्या. माझा अनुभव असा आहे की या तासाभरात काम उघडं पडतं. ज्याने खूप काही ठरवलेलं असतं तो बोलत सुटतो, थांबवावं लागतं. ज्याने ठरवलेलं नसतं तो म्हणतो, काहीही चालेल.

तर तुमच्या दोन कामांबद्दल. मी ती पाहिलेली नाहीत, म्हणून निकाल देणार नाही, पण मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. रंगांच्या लाटांची फाइल पाहण्यापुरती आठवडाभर घरी मागून घ्या. आवाज बंद करून रोज संध्याकाळी लावा. तीन मिनिटांचा तुकडा फिरून जिथे सुरुवातीला जोडला जातो तो सांधा शोधा. तो लपवलाय, की त्याचाच काही उपयोग केलाय? मॉडेल कोणाच्या चित्रांवर शिकवलं आणि त्यांची परवानगी होती का, हे विचारा. आणि कलाकाराला हेही विचारा की असे तासन्‌तास रंग निघत असताना त्यातली हीच तीन मिनिटं का घेतली. याचं सविस्तर उत्तर आलं आणि सातव्या संध्याकाळीही तुम्ही आपणहून पडदा लावलात, तर बिनधास्त घ्या. कुणी भपका म्हटलं तरी घ्या.

दुसऱ्या कामासमोर तुम्ही पाच मिनिटांत कंटाळलात. तो कंटाळाही मी गंभीरपणे घेते. कदाचित कामातच काही नसेल. पण निकाल देण्याआधी विक्रेत्याला एक गोष्ट विचारा: त्या दालनातला पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलणारा होता? मग तोच प्रश्न कलाकाराला विचारा, की तुम्ही हे कोणत्या पडद्यावर बसून केलंत. दोन आकडे जुळले नाहीत, तर कलाकाराने ठरवलेल्या वेगाने ती कलाकृती तुम्ही अजून पाहिलीच नसण्याची शक्यता आहे.